सात नंबरची पावलं

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी बारा वर्षांत नोटीस बोर्डावर बऱ्याच नोटिसा लावल्या. पाणी येणार नाही, गच्चीवर पापड वाळत घालू नयेत, जिन्यात थुंकू नये. त्यातली आमच्या खांदा कॉलनीतल्या लोकांना आजही तोंडपाठ असलेली नोटीस एकच : "बी विंगच्या जिन्यात कवळी सापडली आहे. ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून सेक्रेटरींकडून घेऊन जावी."

कवळी खालच्या जबड्याची होती. पांढरीफटक, आणि दात अर्ध्यावर झिजलेले. हनुवटीसकट कवळी जगातला कुठला डेंटिस्ट करून देतो, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. संध्याकाळपर्यंत तीन ज्येष्ठ नागरिक येऊन गेले. एकांनी तर ती लावून बघायचा प्रयत्न केला आणि "जरा अवघड जातेय, पण होईल सवय" असंही म्हणाले. मी त्यांच्याकडून सही घेणार, एवढ्यात आदल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेल्या बाई दारात उभ्या राहिल्या.

"ती कवळी नाही. जबडा आहे. प्लास्टरचा साचा. सामान चढवताना खोक्यातून पडला."

"तुमचा?" मी विचारलं.

"तिचा," बाई म्हणाल्या. "वय तिशीच्या आसपास. जाऊन तीनेक हजार वर्षं झाली." मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वरपासून खालपर्यंत हे अंतर माझ्या बाबतीत फार नाही. "सेक्रेटरी, तोंड उघडा बघू."

मी उघडलं. का उघडलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

"खालचे दात एकमेकांच्या खांद्यावर चढलेत. पिढ्यान्‌पिढ्या मऊ शिजवलेलं खाल्लं की जबडा आखडतो. दात मात्र तेवढेच येतात," असं म्हणून बाईंनी त्या ज्येष्ठ नागरिकांच्या हातातून जबडा काढून घेतला, पदराला पुसला आणि निघून गेल्या. आमची ही आतून सगळं ऐकत होती. "बाई हुशार दिसतात," ती म्हणाली. "एका मिनिटात तुमचं तोंड बंद केलं. तेही उघडायला लावून."

तेव्हापासून आमच्या इमारतीत त्यांना 'हाडांच्या बाई' म्हणू लागले. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे आणि ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

बाई मुंबईतल्या एका वैद्यकीय कॉलेजात शरीररचना शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. इतर निवृत्त माणसं रोज संध्याकाळी खाली बाकावर बसून विमानतळ कधी होणार यावर बोलत. बाई बाकावर बसून त्या माणसांची हाडं वाचत. कोण कसा उठतो, कोण कुठल्या गुडघ्यावर हात टेकतो, कोणाचा खांदा उतरलाय. मला त्या एकदा म्हणाल्या, "तुम्ही बुटके नाही हो, सेक्रेटरी. तुम्ही शेतकरी आहात."

"बाई, मी रंगाच्या कंपनीत खरेदी विभागात आहे."

"हाडांना तुमची कंपनी माहीत नाही. शिकार करून, कंदमुळं खणून खाणारी माणसं उंच होती. हाडं जड, दात धड. मग एका जागी बसून दाणे पेरायला लागली. पोटं भरली, पोरं वाढली, गावं वाढली. आणि एकेक माणूस मात्र खुजा झाला. दात किडले. लहानपणी उपाशी राहिलेल्या वर्षांच्या रेघा दातांवर उमटल्या, रक्त कमी म्हणून डोळ्यांच्या खोबणीला बारीक भोकं पडली."

मी ही माहिती घरी मोठ्या समाधानानं सांगितली. माझी पाच फूट तीन इंच उंची हा माझा दोष नसून मानवजातीचा इतिहास आहे, हे लग्नानंतर वीस वर्षांनी का होईना सिद्ध होत होतं. ही माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे. ती म्हणाली, "आणि आमच्याकडे काय शिकार करत होते?"

बाईंची एक गोष्ट मात्र सगळ्यांना खटकायची. बाई बाराही महिने मोजे घालत. पनवेलच्या मे महिन्यात, अंगाला बनियन नको वाटतो अशा घामात, बाईंच्या पायांत जाड राखाडी मोजे आणि वर चपला. कोणी म्हणायचं मधुमेह, कोणी म्हणायचं कोड. एकदा हिनं धीर करून विचारलं. बाई हसून म्हणाल्या, "वंदना, हत्यार म्यानात ठेवायचं असतं." हिला वाटलं, म्हातारपणचं काहीतरी. मलाही तसंच वाटलं.

बाईंची मैत्री इमारतीत आमच्याशी आणि इमारतीबाहेर हिराबायशी. हिराबाय उरणकडून टोपली घेऊन यायची आणि आमच्या गेटाशी बसायची. बाई तिच्यासमोर पायरीवर बसून मासे कमी आणि तिचे दंड जास्त बघत.

"हिरा, तुझा उजवा दंड डाव्यापेक्षा किती जाड आहे बघ."

"मग? रोज येवढी टोपली कोन उचलतंय, तुजा सेक्रेटरी?"

"बघ. काम हाडावर लिहिलं जातं. तीन हजार वर्षांनी कोणी तुला उकरून काढलं ना, तर म्हणेल, ही बाई वजन उचलत होती."

"अगो, मला कश्याला उकरतंय कोन? आमाला जालतात." मग पापलेटाचं पोट दाबत ती म्हणायची, "आनि कोनी उकरलाच, तर त्याला सांग, हीचा नाव हिराबाय होता. नुसता दंड बघून जाऊ नको म्हनावा."

या वाक्याला बाई कधी हसल्या नाहीत. एकदा त्यांनी नुसतं "खरंय" म्हटलं आणि न घासाघीस करता पापलेट घेऊन वर गेल्या. तेव्हा काहीतरी बिनसलंय एवढं माझ्याही लक्षात आलं.

बाईंच्या घरी कपाटात एकच पुस्तक आठ वेळा होतं. आठ आवृत्त्या ओळीनं उभ्या. पहिलीचं वेष्टण पिवळं पडलेलं, आठवी कोरी चकचकीत. मुखपृष्ठ सगळ्यांवर तेच : कुशीवर निजलेला, गुडघे पोटाशी घेतलेला एका बाईचा सांगाडा, बारीक रेघांनी काढलेला. सुंदर चित्र. हाडं असूनही ती बाई दमून झोपल्यासारखी वाटायची. नवी आवृत्ती आली की बाई दुकानातून आणत, चष्मा लावून चित्राच्या तळाशी, पावलांपाशी, बघत आणि "अजून आहेत" असं म्हणून पुस्तक ओळीत उभं करत. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते समाधान होतं, पण चांगलं समाधान नव्हतं. सापाच्या बिळाशी बसलेलं मुंगूस समाधानी असतं, तसं.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यामुळेच मी माझ्या आयुष्यातली दुसरी मोठी चूक केली.

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचा मी चिटणीस. त्या वर्षी एक नामांकित पुरातत्त्वज्ञ यायला तयार झाले. मी पत्रिका छापून आणली आणि पहिली प्रत मोठ्या उत्साहानं बाईंकडे नेली. "बाई, खास तुमच्यासाठी! विषय बघा : 'आपले पहिले शेतकरी : हाडांनी सांगितलेली गोष्ट.'"

बाईंनी पत्रिका वाचली. वक्त्याचं नाव वाचलं. मग उठून कपाटातली पहिली आवृत्ती काढली आणि लेखकाच्या नावावर बोट ठेवलं. तेच नाव.

"बसा, सेक्रेटरी," त्या म्हणाल्या.

तीस वर्षांपूर्वी बाई त्या सरांच्या हाताखाली एका नदीकाठच्या टेकाडावर खोदकामाला होत्या. पहिल्या शेतकऱ्यांचं गाव. घराच्या जमिनीखालीच माणसं पुरलेली. बाईंकडे हाडांचं काम. सातव्या क्रमांकाच्या खड्ड्यात त्यांना ती मुखपृष्ठावरची बाई सापडली. सर तेव्हा कुठल्याशा परिसंवादाला गेले होते आणि आभाळ भरून आलेलं, म्हणून बाईंनी एकटीनं ब्रशनं आणि बांबूच्या काडीनं चार दिवसांत तिला मोकळं केलं, चित्र काढलं, हाडं उचलून पेटीत भरली.

"तोवर सगळे दगडी हत्यारं आणि मडकी बघून सांगायचे, इथे शेती होती म्हणून. मी तिच्या गुडघ्यांवरून सांगितलं," बाई म्हणाल्या. "जातं नंतर आलं. तेव्हा पाटा. गुडघे टेकून बसायचं आणि अंगाच्या जोरावर वरवंटा पुढे-मागे, तासन्‌तास. तिचे गुडघे झिजलेले, कंबरेचे मणके दाबलेले, दंडाची हाडं पैलवानासारखी. पाट्याची कच पिठात, पिठातून तोंडात, म्हणून दात निम्मे. दाण्याला वाटलं ना, मला भरडतेस काय, थांब. तिनं दाणे दळले आणि दाण्यांनी तिला. हे पहिल्यांदा मी लिहिलं. प्रकरण सरांना वाचायला दिलं."

"मग?"

"मग एका सकाळी हाडांच्या खोलीचं कुलूप बदललेलं होतं. सर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी पुस्तकच आलं. माझं प्रकरण, माझं चित्र. माझं नाव आभाराच्या यादीतसुद्धा नाही. मी पत्रं लिहिली. सगळीकडे सांगण्यात आलं, बाई मनानं खचलेल्या आहेत."

माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी चहा हवा असतो. तो बाईंनी दिला नाही.

"आता खरी गंमत," त्या म्हणाल्या. "त्या गावात वयानं मोठं माणूस पुरताना पावलं घोट्याखाली तोडत. मेलेल्यानं परत घरी चालत येऊ नये म्हणून."

मी पहिल्या आवृत्तीकडे पाहिलं. चित्रातल्या बाईला पावलं होती. नाजूक, एकावर एक ठेवलेली.

"तिलाही नव्हती," बाई म्हणाल्या. "चौथ्या दिवशी संध्याकाळी चित्र पूर्ण झालं आणि मला बघवेना. एवढी राबली आणि शेवटी चालायचीही चोरी. मी पेन्सिलीनं पावलं काढून दिली. पोरकटपणा. ट्रेसिंग करणाऱ्यानं तीही शाईनं गिरवली. उद्या ब्लेडनं खरवडू म्हटलं, आणि उद्या कुलूप."

"पण मग सरांच्या लक्षात..."

"पेटी उघडून बघायला हात मळवावे लागतात. त्यांनी चित्र बघितलं. आणि चित्रावर सिद्धान्त रचला : साऱ्या गावात हिचीच पावलं ठेवली, म्हणजे ही मानाची बाई, गावाची देवीच जणू. त्या एका प्रकरणावर त्यांनी नाव कमावलं. तीस वर्षं, आठ आवृत्त्या. मी प्रत्येक वेळी बघते, कोणी पेटी उघडली का."

मग बाई मला म्हणाल्या ते वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. अगदी हळू म्हणाल्या. "सरांनी मला पुरलं, सेक्रेटरी. पण पावलं तोडायला विसरले."

मी घरी येऊन हिला म्हटलं, व्याख्यान रद्द करावं, नाहीतर सभागृहात तमाशा होईल. माझं चिटणीसपद जाईल. ही भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "पहिल्या रांगेत दोन खुर्च्या ठेवा," ती म्हणाली. "एक बाईंना, एक मला."

पुढचे पंधरा दिवस बाई वाघिणीसारख्या तयारी करत होत्या. भात बंद केला. "भांडायच्या आधी मासे खावेत, भात माणसाला मवाळ करतो," असं त्यांचं शास्त्र. हिराबाय चकित झाली. "अगो बाय, भात नाय तर नुसता कालवन पिनार काय?" बाईंनी तिलाही आमंत्रण दिलं. रोज संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या. आकाश स्वच्छ असलं की तिथून कर्नाळ्याचा सुळका दिसतो, वर काढलेल्या अंगठ्यासारखा. बाई एकदा त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "बघा, याचा अंगठा कोणी तोडला नाही." मी विचारलं, तुम्ही नक्की काय करणार आहात? "एक प्रश्न विचारणार आहे. प्रश्नोत्तरांचा वेळ कापू नका, एवढंच तुमचं काम."

मला वाटत होतं, बाई जुनी टिपणवही काढतील, पेन्सिलीचं मूळ चित्र काढतील. ती दोन्ही त्यांच्याकडे होती. पण बाई म्हणाल्या, "वही त्यांनी नाकारली आहे एकदा. खोटी म्हणाले होते."

व्याख्यानाच्या दिवशी सभागृह भरलं. सर उंच, रुपेरी केसांचे, आवाज मधासारखा. त्यांच्याकडे पाहून शेतीनं माणसाला खुजं केलं यावर विश्वास बसेना. पडद्यावर चित्र आलं. "ही माझी सात नंबर," सर म्हणाले. "या हातांनी मी तिला मातीतून सोडवली." ही माझ्या बाजूला बसली होती. ती बांगड्या मागे सारून बसली.

सर गुडघ्यांविषयी बोलले, दंडांविषयी, दातांविषयी. बाईंचे शब्द बाईंच्याच क्रमानं येत होते, हे मला त्या दिवशी ओळखू आलं. मग ते पावलांवर आले आणि त्यांचा आवाज ओला झाला. त्यांनी पडद्यावर पाऊल मोठं करून दाखवलं. "बघा, दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. आणि ही डावी करंगळी बघा, आत वळून शेजारच्या बोटावर चढलेली. लहानपणी कधीतरी पायावर वरवंटा पडला असेल. गावानं तो वाकडेपणाही जपून ठेवला. देवीचं सगळंच पवित्र असतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवायला हात उचलले होते. हिनं कोपर मारलं.

पनवेलकर प्रश्नोत्तरांच्या वेळी सहसा चपला शोधत असतात. अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न थोडक्यात." बाई उभ्या राहिल्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं नाही.

"सर, त्या गावात मोठी माणसं पुरताना पावलांचं काय करत?"

"फार छान प्रश्न. तोडत. मृतानं परत चालत येऊ नये म्हणून."

"सगळ्यांची?"

"सात नंबर सोडून. तोच तर माझा सिद्धान्त आहे."

"तिला मातीतून काढताना तुम्ही स्वतः होतात?"

"अर्थात!"

"करंगळी तेव्हाच अशी वाकडी होती?"

"तेव्हाच, बाई. तीन हजार वर्षांपासून. वरवंटा."

"वरवंटा नाही, सर," बाई म्हणाल्या. "शिलाई मशीन. आईचं. मी सहा वर्षांची होते."

आणि त्या खाली बसल्या, डाव्या पायातली चप्पल काढली, मोजा काढला आणि पाय समोरच्या स्टेजच्या कडेवर ठेवला. तीस वर्षं उन्हं न पाहिलेलं ते पाऊल पांढरंफटक होतं. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. करंगळी आत वळून शेजारच्या बोटावर चढलेली. मागे पडद्यावर तेच पाऊल, भिंतीएवढं.

"पावलं सापडली नव्हती म्हणून मी समोर जी होती ती काढली," बाई म्हणाल्या. "माझी. पेटी उघडून बघा. पावलंच नाहीत त्यात."

मग शेवटच्या रांगेतून हिराबायचा आवाज आला, मासळी बाजारात ऐकू जाईल असा. "अगो बाय! ही तर तुझीच हाय! सेम टू सेम!"

लोक उठून पुढे आले. पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञांनी खिशातून चष्मा काढला, वाकून पाऊल पाहिलं, पडदा पाहिला, आणि "हं" म्हणाले. पनवेलमध्ये त्यांच्या 'हं' ला फार किंमत आहे. सर माइक धरून उभे होते. "आपण... आपण त्या..." म्हणाले, आणि थांबले. नाव आठवत नव्हतं. मी बाईंकडे पाहिलं. पाय स्टेजवर तसाच ठेवून बाई शांतपणे वाट बघत होत्या. सरांनी तीनदा प्रयत्न केला. बाईंनी मदत केली नाही. शेवटी सर म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत योग्य ती दुरुस्ती होईल. आपलं नावही येईल. हा माझा शब्द." सर घाम पुसत, आमचा हार टेबलावरच विसरून गेले. तो हार हिनं बाईंच्या गळ्यात घातला. हिराबाय म्हणाली, पायात घाल.

माझं चिटणीसपद गेलं. दुःख फार झालं नाही.

बाई त्या दिवसापासून मोजे घालेनाशा झाल्या. भात पुन्हा सुरू केला. आम्हाला वाटलं, संपलं. दीड वर्षानं नववी आवृत्ती आली. बाईंनी पहिल्यांदाच ती एकटीनं उघडली नाही, आमच्याकडे घेऊन आल्या. मुखपृष्ठावर तीच सात नंबर. पावलं खोडलेली. घोट्याशी रेघा स्वच्छ थांबवलेल्या. मानाच्या बाईचं प्रकरण काढून टाकलेलं. हिनं आभाराचं पान उघडलं, मग शेवटची सूची, मग पुन्हा आभार. बाईंचं नाव कुठेच नव्हतं.

मला वाटलं, बाई रडतील. बाई हसल्या. "पावलं खोडली, म्हणजे माझं म्हणणं मान्य. चोरानं माल परत ठेवला, पावती मात्र दिली नाही." मग त्यांचा चेहरा पुन्हा त्या मुंगसासारखा झाला. "सेक्रेटरी, एक सांगून ठेवते. तुम्ही काहीबाही लिहिता, मला ठाऊक आहे. माझ्यावर लिहाल तेव्हा नाव लिहायचं नाही. आधी त्यांनी लिहायचं. त्यांच्या आधी कोणी लिहिलं, तर त्यांची सुटका होईल." म्हणून इथे नाव नाही. वाचकांनी मला नाही, त्यांना विचारावं.

त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला बाई बशीत शाई ओतत, त्यात डाव्या पायाची बोटं बुडवत आणि पोस्टकार्डावर ठसा उठवत. मजकूर काही नाही. फक्त पाच बोटं, त्यातली करंगळी वाकडी. पत्ता सरांचा. ती कार्डं टाकायचं काम माझं. खांदा कॉलनीच्या पोस्टातला माणूस एकदा मला म्हणाला, "काका, हे कुठल्या देवीचं आहे?" मी म्हटलं, "जागृत आहे." अशी चार वर्षं कार्डं गेली. एकही परत आलं नाही, म्हणजे पोचत होती.

पाचव्या वर्षी बाई गेल्या. दुपारी वर्तमानपत्र वाचताना, खुर्चीतच. देहदानाचा अर्ज त्यांनी आधीच भरून ठेवला होता, ज्या कॉलेजात शिकवलं तिथेच. "हाडं साफ करून पोरांना शिकायला द्या," एवढंच सांगून ठेवलेलं. गाडी येईपर्यंत शेजारपाजार जमला. हिराबाय टोपली गेटाशी टाकून वर आली आणि बाईंचा दंड धरून बसून राहिली. वरच्या मजल्यावरच्या काकू रीतीप्रमाणे पांढरा दोरा घेऊन बाईंच्या पायांचे अंगठे बांधायला वाकल्या. ही पुढे झाली आणि त्यांच्या हातातून दोरा काढून घेतला. काकू म्हणाल्या, "अगं, बांधावे लागतात." ही म्हणाली, "नाही बांधायचे." हिचा तो आवाज मला माहीत आहे. काकू मागे झाल्या. बाई तशाच गेल्या, पावलं मोकळी, करंगळी वाकडी.

गाडी गेली. आम्ही घरी आलो, अंघोळी केल्या, चहा घेतला. मी हिला विचारलं, "अंगठे का नाही बांधू दिलेस?"

हिनं कप खाली ठेवला. "सर अजून आहेत ना?" ती म्हणाली.